पाचव्या मागाच्या वर

“परत एकदा,” शौकतभाई म्हणाले.

मी तोच तुकडा परत वाजवला. पहिल्या दोन ओळी स्वच्छ गेल्या. तिसरीला हात जरा जोरात पडला आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरांतून पुन्हा तोच आवाज आला, तापल्या तव्यावर ओला हात झटकल्यासारखा. मैदानात खुर्च्या मांडणारी माणसं माना वर करून बघायला लागली. त्यातल्या एकानं कानावर हात ठेवला.

“आर्थिंग,” बंडा म्हणाला.

बंडा पोवार आमच्या ऑर्केस्ट्राचा साउंडवाला. मिक्सरपुढे मांडी घालून बसायचा आणि काहीही बिघडलं की एवढा एकच शब्द बोलून मोकळा व्हायचा. माइक शिट्टी मारायला लागला तरी आर्थिंग आणि ढोलकी उतरली तरी आर्थिंग.

“आर्थिंग सगळ्यांना एकच आहे ना? मग खरखर एकट्या माझ्याच गिटारला कशी?”

“ते तुझ्या गिटारला विचार की.”

मी स्टुलावरून उठले, स्टेजच्या कडेपर्यंत गेले आणि परत आले. त्या दिवशी मला एका जागी बसवतच नव्हतं. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, आणि कुणी पुढे केलं असतं तरी गेलं नसतं. जयसिंगपूरच्या एका सोसायटीच्या मैदानावर कोजागिरीचा कार्यक्रम होता. एका बाजूला मोठमोठ्या पातेल्यांत दूध तापत होतं, वेलदोड्याचा वास सुटला होता.

शौकतभाई कीबोर्डच्या मागून बाहेर आले. शौकत मुजावर म्हणजे ‘गुलमोहर’ ऑर्केस्ट्राचे मालक. कीबोर्ड तेच वाजवायचे, कार्यक्रम तेच ठरवायचे आणि गाडीत कोण कुठं बसणार तेही तेच ठरवायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. ओरडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, तो ओरडला की संपतं. हे हळू बोलायचे आणि मग ते बोलणं रात्रभर डोक्यात फिरत राहायचं.

“रेणू, परवाच्या तालमीत पण हेच झालं. मी काही बोललो नाही.”

“केबल बदलली मी त्यानंतर. नवी घेतली.”

“आज समोर लोक बसणार आहेत. सहापर्यंत बघ. नाहीतर मी मिरजेच्या सॅमसनला फोन लावतो. गाडीवरनं लगेच येतो तो.”

“आजच्यापुरता?”

शौकतभाईंनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. “कोकणच्या दौऱ्याला एकच गिटार न्यायचीय, तुला माहीत आहे. आज जो वाजवेल तो परवा गाडीत बसेल. मला दोन-दोन माणसं परवडत नाहीत.”

“आज मीच वाजवणार.”

“वाजव. मला आनंदच आहे.” ते वळले आणि पुन्हा थांबले. “घरी सांगितलंयस ना दौऱ्याचं?”

“हो.”

“काय म्हणाले वडील?”

“बघू म्हणाले.”

खोटं बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही. सवयच झाली होती. घरी मी जयसिंगपूरच्या मैत्रिणीकडं, ललिताकडं, कोजागिरीला जाते असं सांगून निघाले होते. त्यात ललिता खरी होती, कोजागिरी खरी होती, बाकी सगळं झाकलेलं होतं.

आमचं घर इचलकरंजीत. पुढं घर, मागं शेड, शेडमध्ये सहा यंत्रमाग. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्या मागांचे मालकही होते आणि निम्म्या वेळी कामगारही. कॉलेजात मी गिटार शिकले तेव्हा त्यांनी विरोध असा काही केला नाही. त्यांना तो गॅदरिंगपुरता खेळ वाटला. पण बी.कॉम. झाल्यावर शिकवण्यांच्या पैशातून मी ही बटणांची, स्पीकरला जोडता येणारी गिटार घेऊन आले तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “टाइमपास पुरे आता. शेडचे हिशेब बघायला बस.” मी हिशेबाला बसले. गिटार एका मैत्रिणीला विकली असं सांगून टाकलं आणि ती शेडच्या माळ्यावर, सुताच्या पोत्यांमागं नेऊन ठेवली.

माळा पाचव्या मागाच्या बरोब्बर वर होता. खाली सहाही माग चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तोंडाकडं बघून ओळखावं लागतं. म्हणून मी तेव्हाच वाजवायची. माग सुरू झाले की सूत मोजायच्या निमित्तानं वर चढायचं आणि ते थांबायच्या आत उतरायचं. दोन वर्षं हे असं चाललं. आपण किती हुशार आहोत, असं मला रोज वाटायचं.

आता कोकणचा दौरा आला होता. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत, महिनाभर. एवढा मोठा महिना कुठल्या ललिताच्या नावावर खपवणार? दौऱ्याला निवड झाली तर अण्णांपुढं उभं राहावं लागणार होतं. निवड नाही झाली तर आयुष्यभर त्या पोत्यांमागंच बसावं लागणार होतं. मला दोन्हीची भीती वाटत होती, पण दुसरीची जास्त.

मी कामाला लागले.

पहिल्यांदा केबल. नवी होती तरी गिटारच्या टोकाशी धरून हलवली, मिक्सरच्या टोकाशी हलवली, मग शौकतभाईंच्या कीबोर्डची केबल काढून आणली आणि ती लावली. खरखर तशीच. बंडाला म्हटलं, मला दुसऱ्या चॅनेलवर घे. तो कुरकुरला, पण त्यानं घेतलं. तिथंही तेच. मग माझ्या चॅनेलवर मीनाताईंचा माइक लावून बघितला. मीनाताई आमच्या गायिका आणि शौकतभाईंच्या घरच्या. त्या आपल्या शांतपणे “हॅलो हॅलो” म्हणाल्या आणि आवाज दुधासारखा आला.

“बघ. मिक्सर पास झाला,” बंडा म्हणाला. जसा काही मुलाचाच निकाल लागला होता.

“मग आर्थिंगही पास झालं की.”

त्यानं हेडफोन कानावर चढवले.

मग बॅटरी. गिटारच्या पोटात एक चौकोनी बॅटरी असते. ती उतरली की आवाज फाटतो हे मला माहीत होतं. मी ती काढून जिभेला लावली. चांगला झटका बसला. तरी मनाला चैन पडेना, म्हणून रस्त्यापलीकडच्या दुकानात पळत जाऊन नवीन आणली. दुकानदार सुट्ट्यांवरून घोळ घालायला लागला तेव्हा सुट्टे तिथंच सोडून पळत परत आले. नवी बॅटरी बसवली, वाजवलं, खरखर.

केबल जिथं आत जाते तिथली गोल चकती सैल होती. मला वाटलं, हेच. बंडाकडून पक्कड घेऊन ती आवळली आणि इतकी खूश झाले की दोन ओळी वाजवेपर्यंत श्वास धरून बसले. तिसऱ्या ओळीला परत तेच.

“विहिरीत टाक ती,” बंडा म्हणाला. “सॅमसनची फर्स्ट क्लास आहे.”

मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर पक्कड फेकून मारली असती.

शौकतभाई खाली मैदानात सोसायटीच्या चेअरमनशी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी एकदा मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि मग माझ्याकडं. मी पुन्हा गिटार मांडीवर घेतली आणि नारळ पारखावा तशी तिला बोटांच्या पेरांनी ठोकायला लागले. खाली ठोकलं, काही नाही. मागं ठोकलं, काही नाही. वरच्या अंगाला, जिथं बटणांची काळी पट्टी बसवलेली असते, तिथं टक्कन वाजवलं आणि स्पीकर खर्रकन बोलले.

परत ठोकलं. परत बोलले.

त्या पट्टीवर आवाज कमी-जास्त करायचं सरकतं बटण असतं. मी त्याला कधी हात लावायची नाही, कारण बंडाचा तसा नियम होता. सगळ्यांनी आपापली बटणं पूर्ण वर ठेवायची, खाली-वर काय करायचं ते तो करणार. वादकांनी बटणाला हात लावला की त्याला आपल्या ताटातला घास उचलल्यासारखं वाटायचं. त्यामुळं परवाची तालीम झाली, इतका वेळ गेला, पण ते बटण मी हलवून बघितलंच नव्हतं. आता मी ते खाली ओढलं.

स्पीकरमधून असा काही कडकडाट झाला की दुधाच्या पातेल्यापाशी उभी असलेली बाई डाव टाकून मागं सरली. बंडानं हेडफोन ओढून काढले.

“बटणाला कुणी हात लावला?”

“आता म्हण आर्थिंग,” मी म्हणाले.

तो उठून आला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर थोडी उत्सुकता दिसली. त्याच्याकडं छोटा स्क्रू-ड्रायव्हर होता. चार कोपऱ्यांचे चार स्क्रू त्यानंच काढले, मी ती काळी पट्टी अलगद उचलली आणि उलटी केली.

आत लाल होतं.

बटण ज्या फटीतून सरकतं, त्या फटीच्या आतल्या बाजूला, त्या पातळ पितळी पट्ट्यांवर लालभडक, चिकट असं काहीतरी भरलं होतं. थोडं पिवळंही होतं त्यात. मी बोटाच्या टोकानं टिपून बघितलं.

“कुंकू हाय हे,” बंडा म्हणाला आणि हात मागं घेतला. “हळद पण हाय. रेणू, ही करणी हाय. कुणीतरी तुझ्यावर केलंय.”

“गप्प बस.”

“अगं खरंच. लिंबू बघ आत कुठं असलं तर. सॅमसननं—”

“गप्प बस म्हटलं ना.”

मी बोट नाकाशी नेलं होतं. त्या कुंकवाला मशीन ऑइलचा वास येत होता.

सगळं जग कुंकू पाण्यात कालवतं. अण्णा तेलात कालवायचे, आणि तेही मागाच्या तेलात. मागाला पाण्याचं कुंकू लावलं तर धडधडीनं दुपारपर्यंत झडून जातं, तेलातलं वर्षभर टिकतं असं त्यांचं म्हणणं. ही पद्धत साऱ्या इचलकरंजीत फक्त आमच्या शेडमध्ये होती, आई त्यावरून त्यांना हसायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, माग बंद ठेवून ते धुऊन पुसून घ्यायचे आणि अण्णा हातात ताट घेऊन एकटेच शेडभर फिरायचे. प्रत्येक मागाला गंध लावायचे ते नेमकं स्टार्टरवर. यंत्राचं तोंड तिथं असतं म्हणायचे. जिथून ते चालू होतं, तिथं गंध.

सहा मागांना. कांड्या भरायच्या मशीनला. तराजूला. पान्यांच्या पेटीला. आईच्या शिलाई मशीनला. आणि बास. माझ्या धाकट्या भावाची, विनूची, नवी मोटरसायकल दारात हार घालून उभी होती, तिला त्यांनी गंध लावलं नव्हतं. विनू रुसून बसला तर म्हणाले होते, “हिनं काय काम केलंय अजून? जे राबतं त्याची पूजा. नुसतं फिरतं त्याची नाही.” टीव्हीला तर ते त्या दिवशी झाकूनच ठेवायचे.

यंदा त्या दिवशी मी स्वयंपाकघरात आईबरोबर पुरण वाटत होते. अण्णा ताट घेऊन माळ्याच्या शिडीपाशी गेलेले मी खिडकीतून बघितलेही असतील. मला वाटलं असेल, सुताला लावायला चाललेत.

त्यांना माहीत होतं. कधीपासून, कसं, किती, ते कळेना, पण माहीत होतं. मग राग आला. माहीत होतं तर बोलले का नाहीत? मी दोन वर्षं चोरासारखी शिडी चढत-उतरत होते आणि हा माणूस खाली उभा राहून बघत होता. रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून भाकरी खात होता. आणि मग, तो राग पुरता भरायच्या आतच, मला ते दिसलं. त्यांनी गिटार समोर धरून हिचं तोंड कुठं आहे ते शोधलं असणार. बटणं दिसली तिथं गंध लावलं असणार. मला कळू नये म्हणून लगेच फडक्यानं पुसूनही टाकलं असणार, आणि पुसता पुसता ते सगळं फटीतून आत गेलं. म्हणून वरून काहीच दिसत नव्हतं.

मला रडू आलं. स्टेजवर, भर उजेडात, बंडा पोवारच्या समोर. लाजही वाटली नाही.

“काय झालं?” शौकतभाई वर आले होते.

“करणी हाय,” बंडा दबक्या आवाजात म्हणाला.

“वडिलांनी खंडेनवमीला पूजा केली हिची,” मी म्हणाले. “कुंकू आत गेलंय.”

शौकतभाईंनी पट्टी हातात घेऊन बघितली आणि हसले. “आमच्याकडं पण मोहल्ल्यातले सुतार करवतीला हार घालतात त्या दिवशी. बरं झालं. मला आपली काळजी होती, पोरगी चोरून येते की काय. वडील पूजा करतात म्हणजे प्रश्नच मिटला.” मग त्यांनी पट्टी परत माझ्या हातात दिली. “तरी निघायच्या आधी त्यांच्याशी बोलणार मी. उद्या फोन करतो. पण आधी हे साफ कर.”

मीनाताईंनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्पिरिट आणि कापूस आणवला. कापसाचा पहिला बोळा ओला करून मी हातात धरला आणि तशीच बसून राहिले. मला ते पुसायचं नव्हतं. अण्णांनी आयुष्यात मला शब्दांनी जे सांगितलं नव्हतं ते एवढंसं तिथं होतं, आणि ते पुसल्याशिवाय मला वाजवता येणार नव्हतं.

“पुस की,” बंडा म्हणाला. यावेळी हळू आवाजात.

मी पुसलं. फट साफ झाली तरी बटण कितीतरी वेळ खाली-वर, खाली-वर करत राहिले, कापूस गुलाबी यायचा थांबेपर्यंत. पट्टी वाळू दिली. स्क्रू बसवले. बंडानं स्वतः येऊन केबल लावली. मी तिसरी ओळ वाजवली, मुद्दाम जोरात, आणि मैदानावर नुसती गिटार ऐकू आली.

शौकतभाईंनी खिशातून अर्धवट काढलेला मोबाइल परत आत ठेवला.

कार्यक्रम चांगला झाला. लोकांनी दोन गाणी परत घ्यायला लावली. मी कसं वाजवलं ते मला नीट आठवत नाही, कारण बोटं तिथं होती आणि मी इचलकरंजीत होते. शेवटी दूध प्यायला बसलो तेव्हा शौकतभाई म्हणाले, “गाडी परवा सकाळी, स्टँडजवळून. सामान कमी आण.” एवढंच. मी ज्याच्यासाठी दिवसभर जीव टाकला होता ते माझ्या हातात आलं, आणि मला पेला खाली ठेवायला जागा सापडेना.

सकाळी ललिताकडून निघाले. एरवी गिटार तिच्याकडं ठेवून मग सवडीनं मागच्या बोळातून आणायची. त्या दिवशी ती खांद्याला लावूनच एसटीत बसले. पुढच्या दारानं घरात शिरले. आई भाजी निवडत होती, तिनं खांद्याकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मानेनंच शेडकडं खूण केली.

सहाही माग चालू होते. अण्णा पाचव्यावर होते, आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात कांडी बदलत होते. त्यांचा त्या मागावरचा कामगार दसऱ्याला गावी गेला होता, तो अजून आला नव्हता. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं, गिटार बघितली आणि धोटा पेटीत सरकवला.

“गिटार खरखरत होती,” मी ओरडून म्हणाले.

त्यांनी कानाला हात लावला.

“खरखरत होती. काल. सगळ्यांसमोर.”

अण्णांनी हँडल ओढून माग थांबवला. बोलण्यासाठी चालता माग त्यांनी थांबवलेला मी तोवर कधी बघितला नव्हता. बाकीचे पाच चालूच होते, पण मधे एक गप्प झाल्यावर जवळ उभ्या माणसाशी बोलता येण्याइतकी जागा झाली.

“कशानं?”

“कुंकू गेलं होतं आत.”

अण्णा खांद्यावरचं फडकं घेऊन हात पुसायला लागले. एकेक बोट पुसत होते.

“अण्णा, तुम्हाला कधी कळलं?”

“कधी म्हणजे? पहिल्या दिवशी.” ते सरळ माझ्याकडं बघत नव्हते, मागावरच्या उभ्या धाग्यांकडं बघत होते. “सहा माग चालू असताना एकाचा धोटा मारणारा पिकर सैल झाला तर मला इथं उभा राहून कळतंय. वर माळ्यावर काय वाजतंय ते कळणार नाही व्हय? आधी वाटलं, पाचव्याचंच काहीतरी सुटलंय. दोनदा खोलून बघितला मी ह्याला.”

“मग बोलला का नाही?”

“काय बोलायचं? तू विकली म्हणालीस. विकलेल्या वस्तूवर काय बोलणार?”

जे घरी सांगायचं म्हणून दोन वर्षं मनात रचून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य तोंडात येईना. म्हणून मी सरळच सांगून टाकलं.

“मी ऑर्केस्ट्रात वाजवते. उद्या कोकणात चाललेत. महिनाभर. मला घेतलंय.”

“महिनाभर?” त्यांनी आता माझ्याकडं बघितलं. “बायका किती आहेत त्यात?”

“दोन गाणाऱ्या. एक मालकांच्या घरच्याच आहेत.”

“राहायचं कुठं?”

“लॉजवर. मी त्या मीनाताईंच्या खोलीत.”

“आणि ते मालक कोण?”

“शौकत मुजावर. आज फोन करणार आहेत तुम्हाला.”

“करू दे. विचारायचंय मला बरंच.” त्यांचा आवाज कडक होता. “हिशेब कोण बघणार इथला?”

“विनू.”

“त्याला बेरीज येत नाही.”

“मग शिकू दे की त्याला. मला पण कुठं येत होती.”

हे मी जरा जास्तच तोडून बोलले. अण्णांचा चेहरा तसाच राहिला. पलीकडच्या मागावरचा कामगार आमच्याकडं बघत होता, त्याला त्यांनी हातानंच काम कर म्हणून खुणावलं. मी गिटारचा पट्टा घट्ट धरून उभी होते. आता हे ‘नाही’ म्हणणार आणि मी तरीही जाणार, हे मला एवढं स्पष्ट दिसत होतं की पायांना निघायची घाई झाली होती. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला जाता येईना.

“विनूच्या गाडीला तुम्ही गंध लावलं नाही,” मी म्हणाले. “मग हिला का लावलं?”

अण्णांनी फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं.

“रोज राबत होती ती,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. एक दिवस खाडा नाही. माझे कामगार एवढे येत नाहीत.”

माझ्या डोळ्यांपुढं शेड धूसर झाली. त्यांनी ते बघितलं आणि त्यांना ते सोसलं नाही, म्हणून लगेच मागाकडं वळले. उभे धागे उगाच तपासले. एकही तुटलेला नसताना त्यांवरून बोट फिरवलं. मग हँडलवर हात ठेवला, पण ओढलं नाही.

“आणि पोत्यांमागं ठेवू नकोस तिला. उंदरं आहेत तिथं.”

“बरं.”

“काल लोकांसमोर खरखरली म्हणालीस.”

“हो. पण मग साफ केली. नीट वाजली नंतर.”

“हं.” मग माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाले, “पुढच्या वर्षी कुठं लावायचं, तेवढं जायच्या आधी दाखवून ठेव.”

मी गिटार पिशवीतून काढली आणि मागची बाजू त्यांच्यापुढं धरली. दांडा जिथं पोटाला मिळतो तिथं बोट ठेवलं. तिथं नुसतं लाकूड असतं. अण्णांनी वाकून ती जागा नीट बघून घेतली, अंगठ्यानं एकदा चाचपली आणि माग चालू केला.